चालू आणि बंद यांच्या मधले शंभर नॅनोसेकंद

1. स्विचला हीटसिंक कशाला?

ई-रिक्षाच्या सीटखाली मोटरचा कंट्रोलर बसवलेला असतो. ॲल्युमिनियमची पेटी, बाहेरून उभ्या पट्ट्या काढलेल्या. चढ चढून आलेल्या रिक्षाच्या या पेटीला हात लावला तर चटका बसतो. आत रांगेने बसवलेले काळे चौकोनी तुकडे म्हणजे मॉसफेट, हा पॉवर ट्रान्झिस्टरचा एक प्रकार. दुरुस्ती करणाऱ्याला विचारलं तर तो सांगेल, 'हे नुसते स्विच आहेत. मोटरचा प्रवाह चालू-बंद करतात.' आणि ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो. स्विच चालू असला की त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज उरत नाही. बंद असला की त्यातून प्रवाह जात नाही. उष्णता म्हणजे व्होल्टेज गुणिले प्रवाह. दोन्ही स्थितींत गुणाकार शून्यच यायला हवा. मग पेटी तापते कशाने?

थोडी उष्णता 'चालू' स्थितीतलीच असते, कारण ट्रान्झिस्टर पूर्ण चालू झाला तरी त्याचा थोडा रोध उरतो. उदाहरणासाठी आयआरएफ 540 एन हा मॉसफेट घेऊ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळणारा, 100 व्होल्टपर्यंत सोसणारा. त्याच्या डेटाशीटमध्ये हा उरलेला रोध जास्तीत जास्त 44 मिलिओहम दिला आहे. त्यातून 10 अँपिअर गेले तर 4.4 वॅट उष्णता होते. स्विच निम्मा वेळच चालू असेल तर 2.2 वॅट.

उरलेली उष्णता मात्र अशा जागी तयार होते जिथे मल्टिमीटर पोचतच नाही. बंद स्थितीतून चालू स्थितीत जाताना ट्रान्झिस्टर काही काळ अधल्यामधल्या अवस्थेत असतो. प्रवाह सुरू झालेला असतो आणि व्होल्टेज अजून उतरलेलं नसतं. ई-रिक्षात 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडून 48 व्होल्ट केलेले असतात. हे 48 व्होल्ट आणि 10 अँपिअर एकाच वेळी अंगावर आले तर त्या घडीला तो चिमुकला तुकडा 480 वॅट सोसत असतो. हा काळ चांगल्या मांडणीत सुमारे 100 नॅनोसेकंद असतो. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. इतक्या कमी वेळात फार काही बिघडत नाही. पण मोटरची शिट्टी कानाला ऐकू येऊ नये म्हणून स्विच सेकंदाला 20,000 वेळा चालू आणि तितक्याच वेळा बंद केला जातो. तेव्हा त्या छोट्या काळाचा हिशोब ठेवावाच लागतो, आणि तो ठेवायचं साधन म्हणजे ऑसिलोस्कोप.

2. गेटमधून प्रवाह जात नाही, तरी वेळ लागतो

मॉसफेटला तीन पाय असतात. ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमधून मुख्य प्रवाह जातो, तर गेट हा तिसरा पाय त्या प्रवाहावर हुकमत ठेवतो. बेल लॅब्जमध्ये 1959 साली मोहम्मद अटाला आणि डेव्हॉन कांग यांनी पहिला मॉसफेट बनवला. त्यातली कल्पना अशी, की गेट आणि खालचं सिलिकॉन यांच्यामध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा पातळ पापुद्रा ठेवायचा. हा पापुद्रा वीज वाहू देत नाही. गेटला व्होल्टेज दिलं की त्याच्या ओढीने खालच्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि ड्रेन-सोर्समधली वाट उघडते. गेटमधून मात्र काहीच आरपार जात नाही.

म्हणूनच 'मॉसफेटच्या गेटला प्रवाह लागत नाही' असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. स्थिर अवस्थेपुरतं ते खरं आहे. पण मधे निरोधक आणि दोन्ही बाजूंना वाहक अशी रचना असली की तिच्यात विद्युतभार साठतो. तिलाच आपण कपॅसिटर म्हणतो. गेट आणि सोर्स यांच्यात असा एक कपॅसिटर आपोआप तयार होतो आणि गेट-ड्रेनमध्ये दुसरा. गेटचं व्होल्टेज वाढवायचं तर या दोघांत भार भरावाच लागतो.

भार मोजायचं एकक नॅनोकूलॉम. एक अँपिअरचा प्रवाह एक नॅनोसेकंद वाहिला की एक नॅनोकूलॉम भार जमा होतो. हा हिशोब लक्षात राहिला की पुढचं सगळं तोंडी करता येतं. आपल्या मॉसफेटला पूर्ण चालू करायला जास्तीत जास्त 71 नॅनोकूलॉम लागतात. गेटला नेमका एक अँपिअर देत राहिलात तर काम 71 नॅनोसेकंदांत होईल. दहा मिलिअँपिअर दिलेत तर 7,100 नॅनोसेकंद लागतील.

3. पाणी भरतंय, पातळी हलत नाही

नळाखाली घागर लावली की पाण्याची पातळी कशी चढते ते आठवा. बुडाशी घागर अरुंद असते, त्यामुळे पाणी भराभर वर येतं. मग पोट लागतं. नळ तितकाच सुटलेला असतो, पण पातळी जागची हलत नाहीशी वाटते. पोट भरलं की गळ्यात पाणी पुन्हा झरझर चढतं आणि आवाज बारीक होत जातो. गेटचं असंच होतं. पाणी म्हणजे भार, पातळी म्हणजे गेटचं व्होल्टेज आणि नळाची धार म्हणजे गेटला दिलेला प्रवाह.

हे पोट येतं कुठून? गेट-ड्रेनमधल्या त्या दुसऱ्या कपॅसिटरमुळे. त्याचं एक टोक गेटला आहे आणि दुसरं ड्रेनला. ट्रान्झिस्टर उघडू लागला की ड्रेनचं व्होल्टेज 48 वरून खाली कोसळायला लागतं. म्हणजे या कपॅसिटरचं दुसरं टोक वेगाने खाली ओढलं जातं आणि गेटकडे येणारा सगळा प्रवाह त्या ओढीतच खर्च होतो. गेटचं स्वतःचं व्होल्टेज वाढवायला काही उरत नाही. ड्रेन पुरता खाली येईपर्यंत गेट तिथेच थांबून राहतं.

हा परिणाम मॉसफेटच्या कितीतरी आधी काचेच्या व्हॉल्व्हमध्ये सापडला होता. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या जॉन मिल्टन मिलर यांनी 1920 साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. गेटच्या आलेखातल्या त्या सपाट भागाला आजही 'मिलर प्लॅटो' म्हणतात. मराठीत आपण त्याला मिलरचं पठार म्हणू. पॉवर ट्रान्झिस्टर समजून घ्यायचा असेल तर या पठाराइतकं बोलकं दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

4. दोन स्पंदांची युक्ती

आता मोजणीकडे वळू. चालत्या मोटरवर मोजायला गेलं तर अडचण येते. तिथे प्रवाह सतत बदलत असतो, ट्रान्झिस्टर तापत असतो, आणि नेमक्या किती अँपिअरला मोजलं हेच सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळांत एक सुंदर पद्धत वापरतात, 'डबल पल्स टेस्ट'.

मोटरच्या जागी एक कॉइल घ्यायची, समजा 100 मायक्रोहेन्रीची. तिला समांतर एक डायोड जोडायचा, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइलमधल्या प्रवाहाला फिरायला वाट राहते. कॉइलमधला प्रवाह एकदम उडी मारत नाही, तो ठरावीक वेगाने चढतो. व्होल्टेजला कॉइलच्या मूल्याने भागलं की तो वेग मिळतो. 48 व्होल्ट भागिले 100 मायक्रोहेन्री, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला 0.48 अँपिअर. मग गेटला 20 मायक्रोसेकंदांचं पहिलं स्पंद द्यायचं. प्रवाह 9.6 अँपिअरवर पोचतो. आता काही मायक्रोसेकंद बंद ठेवायचं. तेवढ्या वेळात प्रवाह डायोडमधून फिरत राहतो, फारसा कमी होत नाही. आणि मग दुसरं छोटं स्पंद. आपल्याला बघायचाय तो या दुसऱ्या स्पंदाचा आरंभ. तिथे ट्रान्झिस्टर 48 व्होल्ट आणि जवळपास 10 अँपिअर अंगावर घेऊन चालू होतो, आणि अजून थंडही असतो. पहिल्या स्पंदाच्या आरंभी प्रवाह शून्य असतो, त्यामुळे तिथलं चित्र बघून काही कळत नाही.

कॉइल मात्र 10 अँपिअरला संपृक्त न होणारी हवी, बॅटरीच्या तारेत फ्यूज हवा आणि ट्रान्झिस्टरच्या अगदी जवळ एक चांगला कपॅसिटर हवा. बॅटरीची लांब तार इतक्या कमी वेळात प्रवाह पुरवू शकत नाही.

5. क्लिप लावण्याआधी

इथे घाई करू नका. स्कोपच्या प्रोबला टोक असतं आणि एक काळी मगरक्लिप असते. ही क्लिप स्कोपच्या धातूच्या अंगाला आणि तिथून थ्री-पिन प्लगच्या अर्थला थेट जोडलेली असते. म्हणजे ती जिथे लावाल ती जागा तुम्ही अर्थ करून टाकता. आपल्या प्रयोगात सोर्स बॅटरीच्या ऋण टोकाला आहे आणि बॅटरी कशालाच अर्थ केलेली नाही, म्हणून क्लिप सोर्सला लावायला हरकत नाही. पण मोबाइल चार्जरच्या किंवा इंडक्शन शेगडीच्या आतल्या ट्रान्झिस्टरला हीच क्लिप लावली तर 230 व्होल्टची लाइन स्कोपमधून अर्थला शॉर्ट होते. ठिणगी उडते, चार्जर जातो, कधी स्कोपही जातो.

यावर उपाय म्हणून काही जण स्कोपच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. हे कधीही करू नये. मग स्कोपचं धातूचं अंग आणि प्रत्येक सॉकेटची कडा लाइनच्या व्होल्टेजवर येते, आणि बटणाकडे जाणारा हात तिथेच लागतो. घरच्या विजेवर चालणाऱ्या सर्किटसाठी डिफरन्शियल प्रोब असतो, तोच वापरावा. शिकताना बॅटरीवरचा प्रयोग पुरेसा आहे.

6. पडद्यावर काय उमटतं

स्कोपच्या पडद्यावर आडवा अक्ष काळाचा आणि उभा अक्ष व्होल्टेजचा. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी 1897 साली कॅथोड किरणांची नळी बनवली तेव्हापासून हे चित्र फारसं बदललेलं नाही. बदलली ती चित्र पकडायची पद्धत. आपली घटना एकदाच घडते, म्हणून स्कोपला सांगावं लागतं की 'या चॅनेलवर व्होल्टेज इतकं झालं की चित्र धर.' याला ट्रिगर म्हणतात. डिजिटल स्कोप मेमरीत सतत नोंद ठेवत असतो, त्यामुळे ट्रिगरच्या आधीचा काळही दिसतो.

पहिला चॅनेल गेटवर, एका चौकटीला 5 व्होल्ट. दुसरा ड्रेनवर, चौकटीला 10 व्होल्ट. तिसऱ्यावर करंट प्रोब. आडवा अक्ष चौकटीला 50 नॅनोसेकंद. ट्रिगर दुसऱ्या स्पंदावर, सिंगल मोड. गेटला 12 व्होल्ट देणारा ड्रायव्हर आणि मधे 33 ओहमचा रेझिस्टर.

चित्र चार टप्प्यांत वाचायचं. गेट शून्यावरून चढू लागतं, बाकी दोन रेषा ढिम्म. सुमारे 3 व्होल्टपर्यंत ट्रान्झिस्टर बंदच आहे. (डेटाशीट हा उंबरठा 2 ते 4 व्होल्टच्या मधे कुठेही असेल असं सांगतं, म्हणून दोन तुकड्यांचं चित्र हुबेहूब जुळलं नाही तरी घाबरू नका.) मग प्रवाहाची रेषा उठते आणि सुमारे 20 नॅनोसेकंदांत 10 अँपिअरवर जाते. या वेळी ड्रेन अजून 48 च्या आसपासच आहे, कारण कॉइलचा सगळा प्रवाह ट्रान्झिस्टरने उचलून घेईपर्यंत डायोड चालूच असतो आणि ड्रेनला वर धरून ठेवतो. साधा सिलिकॉन डायोड वापरला असेल तर प्रवाह 10 च्या वर जाऊन एक उंचवटा काढतो. डायोड बंद होण्याआधी त्याच्यात साठलेला भार उलट दिशेने बाहेर येतो, तो हा उंचवटा. तोही ट्रान्झिस्टरलाच सोसावा लागतो.

तिसरा टप्पा म्हणजे पठार. गेट 5 व्होल्टच्या आसपास थबकतं आणि त्याच वेळी ड्रेनची रेषा 48 वरून खाली येते. दोन्ही रेषा एकाखाली एक लावून बघा. पठार जिथे सुरू होतं तिथून ड्रेन उतरायला लागतो, आणि ड्रेन तळाला टेकला की गेट पुन्हा वर निघतं. शेवटी गेट 12 पर्यंत जातं आणि ट्रान्झिस्टरचा रोध आपल्या किमान मूल्यावर येतो.

पठाराची लांबी आधी काढून ठेवता येते. डेटाशीटमध्ये गेट-ड्रेनचा भार जास्तीत जास्त 21 नॅनोकूलॉम दिला आहे. पठारावर रेझिस्टरवर उरतात 12 वजा 5 म्हणजे 7 व्होल्ट. 7 भागिले 33 म्हणजे 0.21 अँपिअर. 21 नॅनोकूलॉम भागिले 0.21 अँपिअर म्हणजे 100 नॅनोसेकंद. पडद्यावर त्याच्या दोन चौकटी. तिथे थोडं कमी दिसेल, कारण 21 हा आकडा कमाल आहे आणि 80 व्होल्टला मोजलेला आहे.

नवशिक्यांच्या एका नेहमीच्या तक्रारीचं उत्तरही इथेच आहे. मायक्रोकंट्रोलरची 5 व्होल्टची पिन थेट गेटला जोडली, कमी भारावर चाललं, मोठी मोटर लावली तर मॉसफेट उडाला. पठारच 5 व्होल्टला असेल तर 5 व्होल्टची पिन ते ओलांडणार कशी? ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून तापत राहतो. अशा कामासाठी कमी व्होल्टेजला उघडणारे मॉसफेट मिळतात. आयआरएल 540 एन त्यांपैकीच एक.

7. दिसतं त्यातलं खरं किती?

पडद्यावरची प्रत्येक लहर सर्किटमधलीच असते असं नाही. काही लहरी मोजणारा स्वतः तयार करतो.

पहिली तपासणी प्रोबची. त्यावर 1 आणि 10 अशा दोन खुणांचा सरकता स्विच असतो. तो 10 वरच हवा. 1 वर असताना बहुतेक साध्या प्रोबची क्षमता जेमतेम 6 मेगाहर्ट्झ असते. 0.35 ला या क्षमतेने भागलं की प्रोबला दाखवता येणारी सगळ्यात तीव्र चढण मिळते. 6 मेगाहर्ट्झला ती 58 नॅनोसेकंद, 100 मेगाहर्ट्झला 3.5. ज्या प्रोबला स्वतःलाच 58 नॅनोसेकंद लागतात, तो 20 नॅनोसेकंदांची चढण कशी दाखवणार? मग प्रोबचं टोक स्कोपवरच्या 1 किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीला लावून, प्रोबवरचा बारीक स्क्रू कोपरे काटकोनी दिसेपर्यंत फिरवायचा.

दुसरा दोष जास्त फसवा असतो. मगरक्लिपची तार साधारण 15 सेंटिमीटर लांब असते. तारेच्या दर मिलिमीटरला अंदाजे एक नॅनोहेन्री धरली तर 150 नॅनोहेन्री झाले. प्रोबच्या टोकाशी 12 पिकोफॅरडचा कपॅसिटर असतो. ही जोडी सुमारे 120 मेगाहर्ट्झला थरथरते, आणि ट्रान्झिस्टर तीव्रपणे चालू झाला की पडद्यावर देखणी लहर उमटते जी सर्किटमध्ये नाहीच. शिवाय त्या तारेचा वेढा आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्रही पकडतो.

हे ओळखायची रीत सोपी आहे. प्रोबचं टोक त्याच्याच क्लिपला लावा आणि दोन्ही एकत्र सोर्सच्या पायाला टेकवा. स्वतःशीच शॉर्ट केलेल्या प्रोबवर रेषा सपाट यायला हवी. स्पंद दिल्यावर तिथे जे काही उसळेल ते सगळं खोटं. मग क्लिपची तार काढून टाका आणि प्रोबसोबत पिशवीत येणारी छोटी स्प्रिंग टोकाजवळच्या धातूच्या कड्यावर बसवा. बहुतेक जण ती फेकून देतात. तिचं टोक थेट सोर्सच्या पायाला लावलं की वेढा सेंटिमीटरभराचा होतो आणि खोट्या लहरी बहुतांश गळून पडतात.

एक खोटेपणा मात्र स्प्रिंगनेही जात नाही. ट्रान्झिस्टरच्या प्लास्टिकच्या आत सोर्सचा पाय आणि सिलिकॉन यांना जोडणाऱ्या वाटेची साडेसात नॅनोहेन्री असते. 20 नॅनोसेकंदांत 10 अँपिअर चढले तर सरळ हिशोबाने तिच्यावर पावणेचार व्होल्ट येतात. आपला प्रोब पायावर आहे, सिलिकॉनवर नाही. त्यामुळे प्रवाह चढत असताना गेट खरं आहे त्यापेक्षा उंच दिसतं. हेच व्होल्टेज गेटच्या विरोधात काम करतं, म्हणून प्रवाहाची चढणही आपल्या 20 नॅनोसेकंदांच्या अंदाजापेक्षा थोडी मंदावते.

8. उष्णतेचा हिशोब

डिजिटल स्कोपला ड्रेनचं व्होल्टेज आणि प्रवाह क्षणोक्षणी गुणायला सांगता येतं. त्या गुणाकाराच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे एकदा चालू होण्यात खर्च झालेली ऊर्जा. आपल्या उदाहरणात आलेख त्रिकोणी येतो: उंची 480 वॅट, पाया 20 अधिक 100 म्हणजे 120 नॅनोसेकंद. निम्मं केलं की सुमारे 29 मायक्रोजूल. सेकंदाला 20,000 वेळा म्हणजे 0.58 वॅट.

फक्त करंट प्रोब आणि व्होल्टेज प्रोब यांच्या केबलमधून सिग्नल यायला सारखाच वेळ लागतोय ना, हे आधी जुळवून घ्यावं. पाच नॅनोसेकंदांचा फरक राहिला तर 480 गुणिले 5 म्हणजे 2.4 मायक्रोजूलची चूक होते, आठ टक्क्यांची.

आता 33 च्या जागी 330 ओहमचा रेझिस्टर लावा. गेटचा प्रवाह दहावा हिस्सा, पठार दहापट लांब आणि उष्णता 5.8 वॅट. हीटसिंकशिवाय हा ट्रान्झिस्टर दर वॅटला सुमारे 62 अंशांनी तापतो. 5.8 वॅटला वाढ 360 अंशांची येते, आणि त्याच्या आतल्या सिलिकॉनची मर्यादा 175 अंश आहे. चालू स्थितीतले 2.2 वॅट आणि बंद होतानाची उष्णता अजून यात धरलेलीच नाही.

9. मग रेझिस्टर काढूनच का टाकू नये?

काढता येतो, आणि पठार आखडलेलंही दिसतं. पण त्याच वेळी प्रवाहाची चढण तीव्र होते. डायोडचा तो उंचवटा उंचावतो आणि तारांमधल्या नॅनोहेन्री ड्रेनवर लहरी उठवतात. त्या रेडिओत खरखर होऊन ऐकू येतात. गेटवरही लहर चढते, आणि गेटच्या पापुद्र्याची मर्यादा 20 व्होल्ट आहे. तो एकदा फुटला की ट्रान्झिस्टर गेला.

म्हणून रेझिस्टरची किंमत पडद्याकडे बघून ठरवतात. 33 ने सुरुवात करून 22, मग 10, आणि दर वेळी तीनच गोष्टी टिपायच्या: गुणाकाराखालचं क्षेत्रफळ, प्रवाहाच्या उंचवट्याची उंची आणि गेटवरचं सर्वांत उंच टोक. क्षेत्रफळ घटायचं थांबलं आणि बाकीच्या दोन नुसत्या वाढत चालल्या की एक पायरी मागे यायचं. बंद होताना वेगळा वेग हवा असेल तर रेझिस्टरला समांतर एक छोटा डायोड आणि दुसरा रेझिस्टर जोडतात. मग स्कोपचा ट्रिगर उतरत्या कडेवर लावून तीच तीन मोजमापं पुन्हा घ्यायची.